एका मेलखाली दोन नावं

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी नेटवर्क सांभाळायचो. नांदेडची शाखा उघडली तेव्हा संचालक सरांनी फर्मान काढलं: दोन्ही ऑफिसांतून जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली एकसारखी सिग्नेचर पाहिजे. नाव, आडनाव, हुद्दा, फोन, लोगो. मी सर्व्हरवर सगळ्यांची माहिती भरली आणि मेल बाहेर पडताना ती आपोआप खाली लागेल अशी सोय केली. दोन दिवसांचं काम म्हणून हातात घेतलं होतं, दोन महिने पुरलं.

आधी लोगो वेगळ्या फोटोसारखा जोडून जायला लागला. ते निस्तरलं, तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन. तेही मिटवलं. मग एक दिवस सरांनी केबिनमध्ये बोलावून स्क्रीन माझ्याकडे वळवली. नांदेडहून एका पालकाला गेलेला मेल होता. खाली सर्व्हरची नीटनेटकी सिग्नेचर, आणि तिच्या वर आणखी एक, तिथल्या हेडक्लार्कच्या पूर्ण नावाची.

"पालक विचारतोय, तुमच्याकडं एका खुर्चीवर दोन माणसं बसतात का?" सर म्हणाले. "आजच्या आज बंद करा हे."

मी नांदेडला हेडक्लार्क काकांना फोन लावला. "काका, सेटिंगमध्ये बघा, तिथं सिग्नेचर लिहिलेली आहे का?"

"न्हाई. रिकामंच हाय."

लातुरात बसून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. खरंच रिकामं होतं. मेलचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. सर्व्हरचे नियम तीनदा तपासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन सिग्नेचर. महिनाभर हेच. कधी वरच्या सिग्नेचरमध्ये आडनावाचा ह्रस्व-दीर्घ बदललेला असायचा, कधी एखादं अक्षर गळलेलं. मशीन अशा चुका करत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तोवर माझं डोकं इतकं तापलं होतं की सगळा दोष मी व्हायरसवर ढकलला.

शेवटी एसटी पकडली. साडेतीन तास खिडकीतून गरम वारा खात नांदेड गाठलं आणि काकांच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणालो, "माझ्यासमोर एक मेल पाठवा."

पन्नाशी उलटलेला माणूस. दोन बोटांनी त्यांनी मेल लिहिला. मग तितक्याच सावकाश खाली टाइप केलं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हुद्दा.

"काका! हे तुम्ही हातानं लिहिता?"

"हाव. रोजच लिहून राहिलो की."

"आणि मी महिनाभर विचारतोय त्याचं काय?"

"तुम्ही सेटिंगमधी हाय का विचारलं. तिथं न्हाई."

मला ओरडावंसं वाटलं. "अहो, मशीन लावतंय की तुमचं नाव!"

"त्यात वडलांचं नाव न्हाई."

"नसलं तर काय बिघडलं?" माझा आवाज चढलाच.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमचं गाव औशाकडलं. भूकंपात अर्धं गाव गेलं. माझ्याच नावा-आडनावाचा एक जण व्हता, तो ढिगाऱ्यात सापडला. यादी करणाऱ्यानं वडलांचं नाव लिहिलंच न्हाई, अन् त्याच्याऐवजी माझी नोंद मेलेल्यात झाली. म्या जिता हाय, म्या जिता हाय, म्हणत वरीसभर फिरलो. तवापासून बापाचं नाव टाकल्याबिगर कुठंच सही केली न्हाई."

माझा राग मात्र लगेच गेला नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता, हे डोक्यात घुमतच होतं. पण आता त्यांना 'नाव लिहू नका' म्हणणं शक्य नव्हतं.

तिथूनच सर्व्हर उघडला आणि त्यांच्या नावात वडिलांचं नाव घातलं. त्यांच्याच खात्यावरून मला एक मेल पाठवून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "झालं. आता न्हाई लिहिणार," म्हणाले, आणि चहा सांगितला.

आठवड्यानं सरांच्या ते ध्यानात आलं. "सगळ्यांची सारखी ठरली होती ना? यांचीच का लांब?" मी कारण सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "राहू द्या."

एकाला सवलत मिळाल्याची बातमी मात्र दोन्ही शाखांत पसरली. केमिस्ट्रीच्या सरांना नावाआधी 'प्रा.' हवं झालं, बायोलॉजीच्या मॅडमना माहेर-सासरची दोन्ही आडनावं. फिजिक्सच्या सरांनी तर सुवर्णपदकाचा फोटोच पाठवला, लोगोशेजारी लावायला. त्यांचा फोन मी चार दिवस उचलला नाही.