अकरा दिवस चालू ठेवलेला खेळ

आत्यांनी घरात अंडी उबवायला ठेवली आहेत, ही बातमी तळमजल्यावरून निघाली आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्यातून पिल्लंही बाहेर पडली. पुरावा भक्कम होता. स्टुलावर फडक्याखाली काहीतरी झाकलेलं. समोरच्या बाईंनी साखर मागायच्या निमित्ताने हात लावून पाहिलं, तर चक्क ऊबदार! शिवाय कुणी जवळून गेलं की आत्या डोळे वटारायच्या, "हळू चाला!"

अंडीबिंडी काही नव्हती. फडक्याखाली होता मुलाच्या लहानपणी घेतलेला व्हिडिओ गेम. मुलगा मोठा होऊन परगावी गेला, खेळ आईच्या वाट्याला आला. आत्या निवृत्त टायपिस्ट. पस्तीस वर्षं साहेबांच्या चुका गुपचूप दुरुस्त केलेली बोटं रिकामी बसेनात. या जुन्या खेळात सेव्ह करायची सोय नाही. धक्का लागून बंद पडला, तरी पुन्हा पहिल्या पायरीपासून. म्हणून सातव्या किल्ल्याच्या दारात थांबवलेला खेळ आत्यांनी अकरा दिवस चालूच ठेवला होता.

शनिवारी भाची आली. ही एका कंपनीत गेम बनवते. तिचे दोन गेम तिथल्या साहेबांनी नाकारलेले. सोमवारी तिसरा दाखवायचा होता. तोही पडला, तर तिला दुसऱ्यांच्या गेममधली झाडं रंगवायला बसवणार होते.

"आत्या, जरा खेळून बघ ना."

आत्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. पडद्यावर बाण आला: इकडे जा. गेल्या. दुसरा बाण: उडी मार. मारली, ती चुकली आणि खड्ड्यात पडल्या. खेळाने त्यांना अलगद उचलून काठावर ठेवलं आणि वर "शाब्बास!" म्हटलं.

"शाब्बास कशाबद्दल गं? पडल्याबद्दल?"

"आजकाल लोकांना हरलेलं आवडत नाही, आत्या."

"आम्हाला काय आवडायचं? म्हणून तर जिंकायचं!"

भाचीचं नाक लाल झालं. त्यात लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. घुश्शातच तिने बोर्डावरचा हाताला लागेल तो प्लग उपटला आणि आपला लावला. फडक्याखालचा तांबडा दिवा विझला.

आत्यांनी फडकं उचललं आणि त्याची नीट घडी घातली. अकरा दिवस आणि सहा किल्ले एका झटक्यात गेले होते.

"आत्या, चुकलं गं माझं..." भाची रडकुंडीला आली.

आत्यांनी बाह्या सरसावल्या, टीव्ही लावला आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. भाची बघत बसली. खड्डा आला की आत्या खुर्चीतच डावीकडे कलायच्या, शत्रूला "ये मेल्या, ये!" म्हणून बोलवायच्या. चौथ्या किल्ल्यात त्यांची उडी चुकली, त्या भिंतीवर आदळल्या, आणि भिंत पोकळ निघाली!

"अगं, दहा वर्षं हिच्यासमोरून जातेय मी!" आत्या टाळ्या पिटत उठल्या. "कुणी सांगितलं नाही म्हणून सापडली बघ!"

भाचीने तिथेच बसून आपल्या गेममधले बाण काढले, शाबासकी काढली, जीव तीनच ठेवले आणि दोन भिंती कुणाला न सांगता पोकळ केल्या.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. साहेब पहिल्याच खड्ड्यात नऊ वेळा मेले, जेवायलाही उठले नाहीत, आणि गेम पास झाला. एकच शंका त्यांनी काढली होती: एवढं अवघड साध्या माणसांना झेपेल का?

आत्या म्हणाल्या, "त्यांना सांग, मी अडुसष्टची आहे. त्यांचं वय काय?"