दोन ग्लासांचा नियम

माझ्या दाजींना सगळे मास्तर म्हणत. ते मोटार चालवायला शिकवायचे. ताईचं लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे एकच पांढरी मोटार होती, टपावर लाल पाटी लावलेली. पुढे तीन झाल्या. मी त्यांची मेहुणी, राहायला त्यांच्याच घरी, आणि पगारी कारकूनही. सकाळी साडेसहाला शटर वर करायचं, कोणाची कुठली वेळ ते फळ्यावर लिहायचं, परवान्याचे अर्ज भरायचे आणि दाजी ज्यांच्यावर खेकसले त्यांना पाणी द्यायचं, हे माझं काम. अकरा वर्षं केलं. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही.

शिकाऊ मोटारीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. दाजींचा पाय कायम त्याच्यावर. इतका की घरी जेवायला बसले तरी टेबलाखाली उजवा पाय दाबत राहायचे. ताई म्हणायची, "अहो, ताट कुठे चाललं नाहीये." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण पाय काही हलायचा नाही.

हे खूळ उगाच लागलेलं नव्हतं. त्यांचा एक विद्यार्थी, एकोणीस वर्षांचा, पहिल्याच परीक्षेत पास झालेला, तीन महिन्यांनी हमरस्त्यावर उभ्या ट्रकवर जाऊन आदळला. कुठेतरी चोरून पिऊन येत होता. खिशातल्या डायरीत दाजींचा नंबर होता म्हणून ओळख पटवायला त्यांनाच बोलावलं. पोराचा बाप मागाहून तिथे पोचला आणि त्यांना म्हणाला, "तुम्ही त्याला शिकवलंत तरी काय?" दाजी परत आले आणि ऑफिसच्या मागच्या मोरीत अर्धा तास तोंड धूत बसले. त्यानंतर रस्ता सोडून त्यांना कशाची भीती अशी उरलीच नाही. सगळं वाईट रस्त्यावरच होतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यांची मुलगी बारकी. एकुलती एक, तरी सगळे बारकीच म्हणायचे. ती सोळाची झाली आणि तिच्या वर्गातली पोरं बंद पडलेल्या गिरणीमागे बाटल्या घेऊन बसतात, तिथून स्कूटरवर डबलसीट, ट्रिपलसीट घरी जातात, हे दाजींच्या कानावर आलं. ओरडण्यात माझे दाजी कोणाला हार जाणारे नव्हते. पण त्या दिवशी ओरडले नाहीत. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "पिणारच असतील तर माझ्या हॉलमध्ये पितील. माझ्या डोळ्यांसमोर."

ताई म्हणाली, "हे घर आहे की गुत्ता?"

"तुला पोरगी ट्रकखाली हवी आहे का?" दाजी म्हणाले. ताई रविवारी कापडाच्या दुकानात कामाला जायची. ती तशीच धुसफुसत जात राहिली आणि दाजींनी रविवार दुपार पोरांना देऊन टाकली. तीन ते सात. म्हणजे उजेड असतो, रस्ता दिसतो.

नियम त्यांनी मला टाईप करायला लावले होते, आमच्या मोटार शाळेच्या नियमांसारखेच. दारात आल्याआल्या स्कूटरच्या किल्ल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या, त्या दुसऱ्या दिवशी मिळतील. प्रत्येकाला बिअरचे दोनच ग्लास, तेही दाजी स्वतः ओतणार, दोन्हींच्या मध्ये तास. बाहेरून काही आणलेलं सापडलं तर पार्ट्या कायमच्या बंद. निघताना परीक्षा. खिडकीपासून दारापर्यंत फरशीच्या सांध्याची जी सरळ रेघ होती तिच्यावरून टाचेला बोटं लावत चालायचं. जो नीट चालला त्याला दाजी मोटारीने घरी सोडणार. जो डगमगला तो उतरेपर्यंत मागच्या खोलीत झोपणार.

दाजी स्वतः थेंबही घ्यायचे नाहीत. टेबलामागे खुर्ची टाकून बसायचे, गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच. मला आधी हसू यायचं. मग सवय झाली. मी स्वयंपाकघरात अंडी उकडायची, शेंगदाणे भाजायची आणि पोरांच्या गप्पा ऐकायची. पोरांच्या आयांचे फोन यायचे. "तुमच्याकडे आहे म्हटल्यावर आम्हाला काळजी नाही हो." एक वडील तर दाजींना पेढ्यांच्या थाटात पेनांचा डबा देऊन गेले. दोन वर्षांत एकही पोर पडलं नाही, आपटलं नाही. दाजींची छाती चार बोटं फुगली होती आणि खरं सांगायचं तर माझीही.

पोरं मात्र पोरंच. दोन ग्लासांत काही होत नाही हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग ती आधीच पिऊन यायला लागली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. वर गच्ची. पावणेतीनला ती गच्चीवर जमायची, पाण्याच्या बाटलीतून कडक दारू फिरवायची, तोंडात बडीशेप टाकायची आणि तीनला शहाण्यासारखी रांगेत येऊन किल्ल्या डब्यात टाकायची. बारकी त्यांच्यातच होती. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

त्यातलीच एक भिंगरी. एका जागी बसायचीच नाही म्हणून हे नाव. तिची आई शाळांचे गणवेश शिवायची, बाप कधीच सोडून गेलेला. भिंगरी दाजींची नक्कल अशी करायची की दाजींनाच खोकला यायचा हसून. "अठरा पुरी झालीस की पहिला धडा माझा," ते तिला म्हणायचे.

त्या रविवारी चारच्या सुमाराला ती भिंतीला धरून चालताना दिसली. दाजींनी तिला एकच ग्लास ओतला होता. ते हसले. "एकातच गेलीस काय गं?" त्यांनी तिला रेघेवर उभं केलं. तिसऱ्या फरशीवर ती मटकन खाली बसली. सगळे हसले, ती पण हसली. दाजींनी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, उताणं निजवलं, डोक्याखाली उशी दिली, पडदा ओढला. मी पलंगाजवळ बादली ठेवली. बादली ठेवली आणि मला वाटलं माझं काम झालं.

साडेपाचला भिंगरीच्या आईचा फोन आला. दाजींनीच घेतला. "येऊन घेऊन जाऊ का तिला?" असं ती विचारत होती. दाजी म्हणाले, "कशाला उगाच? शांत झोपली आहे. सातला मी आणून सोडतो. तुम्ही येऊ नका." त्यांचा हिशोब साधा होता. एक ग्लास बिअर, दोन तासांत उतरते.

सहाला बारकी हॉलमध्ये आली. मी तेव्हा दारातच उभी होते, त्यामुळे शब्द न् शब्द आठवतो. "बाबा, ती घोरतेय. वेगळंच घोरतेय."

"घोरतेय ना? मग झोपू दे."

बारकी तिथेच घुटमळली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दाजी तेव्हा किल्ल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या बांधत होते.

पावणेसातला ते उठवायला गेले. त्यांनी दोनदा मास्तरी आवाजात हाक मारली. तिसरी हाक माझ्या नावाची होती. मी गेले. उशी ओली होती, खोलीत उलटीचा वास होता आणि पोरीचे ओठ आणि नखं निळी पडली होती. बादली कोरडी होती. दाजींनी तिला उचललं, तीन जिने खाली नेलं, लाल पाटीच्या मोटारीतून सगळे सिग्नल तोडून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने नाडी पाहिली आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

मला दाजींचा राग येतो. आजही येतो. शंभर गोष्टींवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला शेजारच्या खोलीत जाऊन पाहावंसं वाटलं नाही. किल्ल्या डब्यात होत्या म्हणून सगळं ठीक होतं. आणि माझा स्वतःचाही येतो, कारण मी त्या खोलीपासून सहा पावलांवर अंडी सोलत होते.

पोलिसांकडे अहवाल आला. पोरीच्या पोटात एका ग्लासाच्या कितीतरी पट दारू होती, तीही कडक. अधिकाऱ्याने विचारलं, कुठून आली? दाजींनी शेजारी बसलेल्या बारकीकडे एकदा पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते लगेच म्हणाले, "मीच दिली. घरात बाटली होती एक."

आमच्या घरात तसली बाटली कधी आलीच नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मला नजरेनेच थांबवलं. घरी येताना जिन्यात म्हणाले, "बारकीला कोणी काही विचारायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

मोटार शाळेचा परवाना रद्द झाला. शटर खाली गेलं ते गेलंच. वकील म्हणाला, तुमच्या त्या जबाबानंतर तुरुंग चुकत नाही, किती वर्षं एवढंच बघायचं. दाजींनी मान हलवली, जणू त्यांना वेळ फळ्यावर लिहून दिली होती. ताई कामावर जायची, यायची, बोलायची नाही.

आणि बारकी जेवेनाशी झाली. दोन घास, मग एक, मग पाणी. दप्तर कोपऱ्यात पडून होतं. न्हाणीघरात गेली की तासभर बाहेर यायची नाही, म्हणून ताईने आतली कडी काढून टाकली. संध्याकाळी कधी ती बापाच्या समोर जाऊन उभी राहायची. "बाबा, मला तुम्हाला एक..." एवढं म्हणेपर्यंत दाजी चपला घालून खाली गेलेले असायचे. खाली जाऊन ते मोटार धुवायचे, जिच्यात आता कोणी बसत नव्हतं. आपण पोरीला वाचवतो आहोत असं त्यांना वाटत होतं. मला मात्र दिसत होतं की एक गेली, आता ही पण हातची जाणार.

एका सकाळी मी तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "मला सांग. मी उठून जाणार नाही." तिने सगळं सांगितलं. गच्ची, बाटली, बडीशेप. मग म्हणाली, "मावशी, मला भिंगरीच्या आईकडे जायचं आहे." मी गेले तिच्याबरोबर.

भिंगरीची आई मशीनवर बसली होती. शेजारी निळ्या गणवेशांचा ढीग. आम्हाला पाहून तिचा पाय थांबला. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बारकी उभ्याउभ्याच बोलली.

"अर्धी बाटली तिने प्यायली. उरलेली आम्ही तिघांनी. मला सगळं माहीत होतं, काकू."

त्या बाईने सुईखालचं कापड सोडवून बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, "बापाला सांगितलंस?"

"ते ऐकत नाहीत. मी बोलायला लागले की उठून जातात."

तिने मशीनचं बटण बंद केलं, मांडीवरचे दोरे झटकले, घराला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर चालायला लागली.

दाजी खिडकीपाशी बसले होते. तिला दारात पाहून ताडकन उठले. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच समोर आली होती.

"बसा, मास्तर," ती म्हणाली. "मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. ही काय म्हणते ते ऐका."

"वहिनी, ती पोर आहे, तिला यातलं काही..."

"त्या दिवशी तुम्ही मला येऊ नका म्हणालात. मी आले नाही. आज मी सांगते ते तुम्ही ऐका."

दाजी बसले. माझी ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बारकीने बापाच्या तोंडावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये ती रडली, थांबली, पुन्हा सांगायला लागली. दाजी एकदा अर्धवट उठले. भिंगरीच्या आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते परत खाली बसले.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सहाला आली होतीस माझ्याकडे. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पार्ट्या बंद केल्या असत्यात."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्याचसाठी, बाबा."

दाजींनी तोंडावर हात ठेवला. मी त्यांना अकरा वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज मोटार बंद पडताना होतो तसा, अडकत अडकत आला. "तो नियम माझा होता," ते म्हणाले, आणि हेच दोनतीनदा म्हणत राहिले. त्यांना कोणी गप्प केलं नाही, कोणी समजूतही काढली नाही. ताई पुढे झाली ती बारकीजवळ जाऊन बसली.

भिंगरीची आई उठली. मागच्या खोलीचं दार बंद होतं. तिने तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि म्हणेल असं कोणाला वाटलंही नव्हतं. चपला घालताना ती बारकीला म्हणाली, "उद्या पोलिसांकडे जाऊन हे सगळं सांग. बापाला बरोबर ने. आणि जाताना जेवून जा. तिथे फार वेळ बसवून ठेवतात, काही खायला मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने ताट वाढलं. बारकीने ते सगळं संपवलं, आणि दाजी समोर बसून पाहत राहिले.