रामघाटावर सोडलेले मासे

उज्जैनला लोक महाकालासाठी जातात. मी गेले ती मासेमारी बंद झालेली बघायला. हसा खुशाल, घरचेही हसले होते.

गोष्ट नव्वदीतली. गल्लीच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ आणि घरात नवंकोरं केबल आलं होतं तेव्हाची. उज्जैनच्या फ्रीगंजला राहणाऱ्या वसंतमामांचा फोन आला, "शुभा, बंदी लागली! या खेपेला येऊनच जा." मामा कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले. आषाढ-श्रावणात क्षिप्रेला पूर आला की रोहू अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि नेमका तेव्हाच जाळ्यात सापडतो. त्या दिवसांत मासेमारीला मनाई करणारा कायदा होता, पण तो कागदावर. मामांनी कित्येक वर्षं केवटांच्या, म्हणजे तिथल्या कोळ्यांच्या, वस्तीत खेपा घालून त्यांना राजी केलं होतं. केवटांची अट एकच होती: नदी बंद म्हणजे सगळ्यांना बंद.

पुण्याहून इंदूरची रात्रीची व्हिडिओ कोच पकडली. व्हिडिओ फुकट होता आणि झोप गेली. इंदूरहून उज्जैनची बस सारखी मिळते, फक्त खिडकीची जागा धरा. उतरल्यावर आधी टावर चौकात पोहे-जलेबी खा. पोह्यांवर शेव आणि बडीशेप बघून पुणेरी नाक मुरडलं, तर नुकसान तुमचंच.

संध्याकाळी मामा मला गावाबाहेरच्या डोहावर घेऊन गेले. केवटांच्या नावा पालथ्या होत्या, जाळी झोपड्यांवर टांगलेली. त्यांचा मुखिया बाबूलाल दिवसभर विटा वाहून आला होता. दोन महिने ही मजुरीच, म्हणाला. मामा पाण्याकडे बघून नुसते हसत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. मालतीमामी म्हणाल्या, "चल, ऑटो करून घेऊ, रामघाटावर एक काम आहे." त्या नवस बोलल्या होत्या: अहोंची बंदी लागली की नदीत माशांची जोडी सोडीन. घाटावर गर्दी मरणाची. यात्रेकरूंना सोडण्यासाठी जिवंत मासे विकणारे पाण्याचे डबे घेऊन ओळीने बसले होते. मामींनी निवडून सगळ्यात जाडजूड जोडी घेतली. पंड्याने मंत्र म्हटले, माशांना हळदकुंकू लागलं आणि ते पाण्यात गेले. एक खाली दिसेनासा झाला. दुसरा आडवा होऊन तरंगत राहिला, पोट गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेलं. मामी डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. मागच्या पायरीवर बाबूलाल उभा होता, हे मला निघताना दिसलं.

तो संध्याकाळी घरी आला. चहाला नको म्हणाला, बसलाही नाही.

"साब, हमारे जाल तो टँगे हैं. बाईजी ने जो छोड़ीं, वो किसके जाल की थीं?"

मामांना काही कळेना. मग मामींनीच सगळं सांगितलं, अगदी सहज. मामांचा चेहरा उतरला.

"अहो, मी सोडले ना? मारले थोडेच?"

"सोडायला आधी कुणाला तरी ते पकडावे लागतात, मालती."

मी उद्या घाटावर जाऊन ते डबे बंद करवतो, असं ते बाबूलालला म्हणाले. बाबूलालने विचारलं, पंड्यांना आणि यात्रेकरूंना कोण अडवणार, तुम्ही? तो रामराम करून गेला. राग तरी करायचा होता माणसाने.

परतीच्या दिवशी पहाटे मी एकटीच डोहावर गेले. नावा पाण्यात होत्या. काठावर टोपल्या भरून रोहू पडले होते, सगळे गाभोळीने भरलेले. मला बसवर सोडायला मामा आले नाहीत.

आता रस्ते मस्त आहेत, जरूर जा. पोहे तसेच आहेत, घाटही. फक्त माशाचा डबा कुणी पुढे केला तर हात आवरा. एवढं सांगायलाच हे सगळं लिहिलं, बाकी माहिती कुठेही मिळेल.

मामा त्यानंतर नदीवर कधी गेले नाहीत. मामींना तो आडवा तरंगणारा मासा काही केल्या विसरता येईना. त्याचं पाप लागलं म्हणूनच अहोंची बंदी मोडली, असं त्यांनी धरून ठेवलं. ते फिटावं म्हणून त्या दर श्रावणात रामघाटावर जात राहिल्या, आणि जोडीऐवजी अख्खा डबा सोडत राहिल्या.