आवाजाच्या बाई

थोरलीला तंद्री लागायची ती अगदी लहानपणापासून. जिना उतरताना, केस विंचरताना, समोरचा माणूस बोलत असतानासुद्धा तिची नजर कुठेतरी सुटायची आणि मग ती आपली आपल्या राज्यात. बाबा म्हणायचे, "हिला दोनदा हाक मारायची. पहिली परत आणायला, दुसरी कामाची."

बाबांनी चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, गुंतवणुकीचा सल्ला देणारं कार्यालय थाटलं होतं. नोकरी संपल्यावर हातात काहीतरी उरावं म्हणून आधीपासून काय करावं, हे ते लोकांना सांगत. बाबा गेल्यावर दोघी बहिणींनी ते चालवायला घेतलं. धाकटी कर, करार आणि हिशेब बघायची, थोरली माणसं. तिच्यासमोर बसलेला माणूस हळूहळू खुर्चीत सैलावायचा. तो म्हातारपणी काय करणार हे सांगत असायचा आणि ती ऐकता ऐकता त्याच्या म्हातारपणात फिरून यायची. एका बसचालकाला निवृत्तीनंतर फक्त सकाळी उशिरापर्यंत लोळायचं होतं. त्याची ती उन्हानं भरलेली खोली, अंगावरून घसरलेलं पांघरूण, सगळं तिला त्या क्षणी दिसलं.

पण ग्राहक एकेक करून खरोखरच म्हातारे झाले आणि त्यांची मुलं सगळं फोनवर उरकू लागली. दुपारची बाकं रिकामी राहायला लागली. शेवटी धाकटीनं विषय काढला.

"ताई, आता जाहिरात केल्याशिवाय गत्यंतर नाही. मी दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. तू बरोबर चल. आणि कृपा करून तिथे हरवू नकोस."

पहिली संस्था काचेच्या उंच इमारतीत होती. पायाखाली इतका मऊ गालिचा, की आपण चालतोय की तरंगतोय ते कळू नये. गळाबंद कोट घातलेल्या एका उमद्या गृहस्थांनी दोघींना अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि भिंतीवर एक छोटी फिल्म लावली. संथ पाणी. एक होडी. होडीत पांढऱ्या केसांचं जोडपं. बाई पाण्यात बोटं बुडवून बसलेली, पुरुष वल्ही सोडून तिच्याकडे बघत राहिलेला. कुणी काही बोलत नव्हतं. शेवटी नुसती अक्षरं उमटली: निर्धास्त परतावा, कायमचा.

दिवे लागले. थोरलीचे डोळे भरून आले होते.

"बघा," गृहस्थ खुशीत म्हणाले, "हा परिणाम! या होडीखाली फक्त तुमच्या कार्यालयाचं नाव टाकायचं."

धाकटीला भुरळ पडली होती, पण वेगळ्या कारणानं. इतकी झकपक जाहिरात आपली! तिनं करार मागितला. तेवढ्यात थोरलीनं विचारलं,

"कायमचा परतावा कोण देणार?"

"अहो बाई, ते शब्दशः नाही घ्यायचं. ती भावना आहे."

"विचार करून कळवतो" म्हणून दोघी बाहेर पडल्या. रस्त्यावर धाकटीनं तिचा दंड धरला. "काय झालं गं? रडलीस काय, आणि मग खोडा काय घातलास?"

"मी त्या होडीत बसले होते गं," थोरली म्हणाली. "पाणी हाताला गार लागत होतं. तेव्हा कुणी कागद पुढे केला असता ना, तर न वाचता सही केली असती. माझ्यासारखी माणसं असतात. त्यांना असं नेऊन बसवायचं आणि मग बाजार पडला की काय सांगायचं? ती भावना होती?"

धाकटी रागावली होती, पण बहिणीला अशी तावातावानं बोलताना तिनं क्वचितच पाहिलं होतं.

दुसरी संस्था म्हणजे कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आणि एक नवरा-बायको. खालून वाफेचा उबदार वास वर येत होता. त्यांनी आजवर दातांच्या दवाखान्याच्या आणि घरसामान हलवणाऱ्यांच्या जाहिराती केल्या होत्या. पैशाच्या व्यवहाराची एकही नाही. हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. धाकटीनं कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला.

"तुमच्याकडे माणसं येतात ती काय बोलतात?" बायकोनं थोरलीला विचारलं.

थोरली सांगू लागली. नाव-गाव न सांगता बसचालकाबद्दल सांगितलं. मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंबद्दल, ज्यांना उरलेलं आयुष्य सुई न धरता खिडकीत बसायचं होतं. सांगता सांगता तिची नजर सुटली, आवाज खाली आला, शब्दांमधली अंतरं वाढली. खोलीत वाफ आणि तिचा आवाज एवढंच उरलं. मध्येच बायको नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करू नका."

जाहिरात तीच झाली. चित्र नाही, संगीत नाही. रेडिओवर थोरलीचा आवाज त्या बाईंची खिडकी सांगायचा आणि शेवटी म्हणायचा: "गुंतवलेला पैसा वाढतो, कधी कमीही होतो. दोन्ही वेळी आम्ही तुमच्यासमोर बसलेलो असू." त्या शिवणकामवाल्या बाईंना तिनं आधी घरी जाऊन विचारलं होतं. त्या लाजून म्हणाल्या होत्या, "माझी खिडकी एवढी चांगली आहे होय?"

"कमीही होतो?" रेडिओवर लागण्याआधी ऐकून धाकटी ओरडलीच. "ताई, जाहिरातीत? आपण दुकान चालवतोय की बंद करतोय?"

"तू समोर बसलेल्याला सांगत नाहीस का हे?"

"समोर बसल्यावर सांगते!"

"मग आधी सांगू. ज्याला पटेल तो जिना चढेल."

पहिले काही आठवडे जिना कुणीच चढलं नाही. दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. धाकटी टेबलावरच्या टाचण्या रंगांप्रमाणे लावायची आणि पुन्हा विस्कटायची. मग एके दुपारी एक उंच, वाकलेले गृहस्थ धापा टाकत वर आले आणि दारातूनच म्हणाले, "त्या आवाजाच्या बाई इथेच असतात का?"

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीनं मात्र झटकन खुर्ची पुढे केली. ते निवृत्त आगबोटवाले होते. त्यांनी आधी खूप वेळ पैशाबद्दल काही विचारलंच नाही. समुद्रावर पहाट कशी निळी होते ते सांगत बसले. त्यांच्यामागून त्यांची मेहुणी आली, मग तिची शेजारीण. झुंबड अशी कधीच उडाली नाही. पण बाकं भरली, आणि धाकटीला जेवायलाही उसंत मिळेना तेव्हा तिनं एकदा घास तोंडात असतानाच कबूल केलं, "बरं झालं तू तेव्हा खोडा घातलास."

पुढे गोष्ट आणखी वेगळीच झाली. माडीवरच्या नवरा-बायकोंनी थोरलीला पुन्हा बोलावलं. घरसामान हलवणाऱ्यांसाठी आवाज हवा होता. ती आधी नाही म्हणाली, मग दोन दिवस त्याच विचारात राहिली आणि गेली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड गोधड्या टांगलेली छोटी खोली, मध्ये एक खुर्ची, समोर काचेची खिडकी. बाहेरचा सगळा रस्ता एकाएकी नाहीसा झाला. कागदावर चारच ओळी होत्या: पेट्या, गाडी, काळजी, वेळेवर पोच. तिनं त्या वाचल्या. आणि मग कुणाचं तरी घर रिकामं होताना तिला दिसू लागलं. भिंतीवर चित्राच्या जागी उरलेला फिकट चौकोन, दाराआड सापडलेला एकच मोजा, शेवटचं कुलूप लावताना थबकलेला हात. ती बोलत राहिली. काचेपलीकडे बायकोनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांपैकी कुणीच तिला थांबवलं नाही.