दुबईत अडकलेले अकरा लाख

रूपाली गांगुर्डेने विंचूरला दुसऱ्याच्या खळ्यावर बरीच वर्षं कांद्याची प्रतवारी सांभाळली, मग स्वतःचं खळं भाड्याने घेऊन कांदा परदेशी धाडू लागली. नवरा वाल्मीक ओझरला विमान कारखान्यात. तिचं दुबईचं गिऱ्हाईक म्हणजे शेखर, मूळचा नांदगावचा. फोनवर तिला ताई म्हणायचा. सुरुवातीचा माल त्याने आगाऊ पैसे भरून उचलला. पुढचे दोन कंटेनर तिने विश्वासावर सोडले.

त्या दोन कंटेनरचे अकरा लाख आले नाहीत. आधी बँकेला सुट्टी होती, मग म्हणे माल ओला निघाला, मग तो फोनच उचलेना. शेतकऱ्यांचे पैसे तिने कर्ज काढून चुकते केले होते. आता वसुलीवाले दारात येऊ लागले. वाल्मीक ताटावरून अर्धपोटी उठायचा.

एके सकाळी गावातले जुने कांदा व्यापारी कोंडाजी दराडे यांच्या खळ्यात तिला हिरव्या पोपटाचा छाप असलेल्या गोण्या दिसल्या. तो शेखरचा छाप. ती तशीच आत गेली.

"काका, हा माल दुबईला?"

"एक कंटेनर बोटीत हाय. हा दुसरा. का गं?"

तिने सगळं सांगितलं. पुढ्यातला चहा तसाच ठेवून कोंडाजी ऐकत राहिले. त्यांनीही शेखरकडून निम्मीच रक्कम आगाऊ घेतली होती.

"बोटीचे मूळ कागद अजून तुमच्याकडेच असतील," रूपाली म्हणाली. "त्याशिवाय त्याला माल सुटायचा नाही. माझे पैसे येईपर्यंत ते धाडू नका."

"आन माल सडला तर?"

"नुकसान मी भरीन. निफाडचा आमचा प्लॉट लिहून देते."

"वाल्मीकला इचारलंस?"

"नाही."

कोंडाजींनी शेखरला फोन लावला. त्यांचा फोन त्याने लगेच उचलला. रूपालीचे पैसे आल्याशिवाय कागद नाहीत, हे ऐकताच त्याचा आवाज बदलला. "काका, तिचा वाद वेगळा. कागद पाठवा, नाहीतर माल बंदरात कुजेल."

"कुजू दे," म्हणून कोंडाजींनी फोन ठेवला.

कंटेनर बंदराला लागला. शेखरचे पैसे आले नाहीत. पडून राहिलेल्या कंटेनरवर बंदराचं भाडं रोज चढत होतं. संध्याकाळी रूपालीने वाल्मीकला प्लॉटचं सांगितलं. तो उठून अंगणात गेला.

"आधी सांगायचंस," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तिच्याबरोबर कोंडाजींकडे गेला.

तिथे बसलेले असतानाच तिच्या खात्यात सहा लाख जमा झाल्याचा मेसेज आला. पाठोपाठ शेखरचा फोन. "ताई, बाकीचे महिन्याभरात. आता तरी कागद सोडायला सांगा."

"धरून ठेव. अजून दोन दिवस ताणू," कोंडाजी हळूच म्हणाले.

रूपालीला बाकीचे पाच हवे होते. पण बंदरातला कांदा कोंडाजींचा होता, आणि बाहेर ऊन तापलं होतं.

"सोडा काका," ती म्हणाली.

कागद गेले. बंदराच्या भाड्यातला निम्मा वाटा कोंडाजी नको म्हणत असताना तिने भरला. पुढे शेखरने तीन लाख तुकड्यातुकड्यांनी दिले. दोन अजून यायचे आहेत. दर सोमवारी ती त्याला फोन करते. कधी तो उचलतो, कधी नाही.