घोडीची वर्गणी

जळगाव स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर मराठी सातवी पास झालेला मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी काळजी घेत असे. म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

भुसावळला रेल्वेत असलेला माझा मेव्हणा घरी आला की ऐकवायचा, आम्ही आजारी पडलो तरी पगार चालू असतो. आमचं तसं नव्हतं. टांगा आपला, घोडं आपलं, मालकही आपणच. ताप आला की मालक आणि नोकर एकाच गोधडीत उपाशी. म्हणून मी फंड काढला. दर सोमवारी प्रत्येकाने घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाकडच्या डब्यात दोन आणे टाकायचे, आणि जो अंथरुणाला खिळेल त्याला बरा होईपर्यंत रोजचा भत्ता मिळायचा. नियम मीच लिहिले, आणि वकिलाने मान डोलवावी असे लिहिले. भत्ता फक्त 'सभासद स्वतः' आजारी पडला तरच. दुखापत झाली तर ती 'टांगा हाकत असताना'च झालेली हवी. शिवाय सेक्रेटरीने, म्हणजे मी, आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या कपाळाला हात लावून खात्री करायची.

अड्ड्यावर सगळ्यात जुने होते नाना. खणखणीत तब्येत, पण त्या उन्हाळ्यात त्यांची घोडी लंगडायला लागली. घोडी बसली म्हणजे नानांचा धंदा बसला. सावद्याचा एक व्यापारी तिला पडत्या भावात मागत होता. नानांना ती विकायची नव्हती, आणि तशीच लंगडत जुंपायचीही नव्हती. महिनाभर भत्ता मिळाला तर घोडी उभी राहील, एवढंच त्यांचं म्हणणं. मी नियम वाचून दाखवला. सभासद ठणठणीत आहे, सबब भत्ता नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की नाना आजारी आहेत, सेक्रेटरीने येऊन पाहावं.

मी गेलो. नाना दारात विडी ओढत बसलेले, आणि त्यांची गोधडी घोडीच्या पाठीवर.

"नाना, आजारी कोण?"

"ती शे. तिनं कपाय देख." त्यांनी घोडीच्या कपाळाकडे बोट केलं.

मी हसून टाळायला बघितलं. तेव्हा त्यांनी विडी विझवली.

"धंदा आम्ही दोन्ही करतस, मास्तर. मंग आजारी मी एकलाच पडू का?"

आता शहाण्या माणसाने गप परत फिरावं की नाही? पण मी पडलो सेक्रेटरी. नियमात कपाळाला हात लावायचं लिहिलंय, तर लावून टाकू आणि मग नकार देऊ, म्हणजे काम कसं कायदेशीर होईल. जन्मभर घोड्यांत राहिलेला मी, बाजूने जायचं सोडून, हिशेबनीसाच्या थाटात तिच्या मागून पुढे निघालो. तिचा एक पाय अधू होता. दुसरा नव्हता.

माझा गुडघा सुजून कलिंगडाएवढा झाला. नानांनी मला उचलून खाटेवर टाकलं, आणि घोडीसाठी उगाळलेली आंबेहळद आधी माझ्या गुडघ्याला लावली. लेपाच्या वासावरून त्यात आणखी काय होतं हे मी विचारलं नाही.

सोमवारी मला हातगाडीवर घालून नालबंदाकडे नेलं. माझ्या भत्त्याची गोष्ट निघाली, तर नालबंदाने माझाच नियम मला ऐकवला. टांगा हाकत होतास का? नव्हतो. सबब भत्ता नाही. सगळा अड्डा पोट धरून हसला. मीही हसलो असतो, पण घरी चूल माझ्याच भरवशावर होती.

हसले नाहीत ते एकटे नाना. त्यांनी पागोटं सारखं केलं.

"हाऊ फंडना कामले उना व्हता. तेले भत्ता द्या."

फंडाच्या कामाला आलेला म्हणून माझ्यासाठी बोलले, स्वतःच्या घोडीबद्दल अवाक्षर नाही. माझी मान अशी खाली गेली की वर येईना. मग हातगाडीवरूनच मी मांडलं, की जनावर बसलं म्हणजे सभासदही बसला असं समजावं. एकाने लगेच टोला हाणला, की मग घोड्यांनीही वर्गणी भरावी. नालबंद म्हणाला, त्यात वाईट काय? तसंच ठरलं. जनावरामागे एक आणा जादा, आणि भत्ता त्याच दिवसापासून मला आणि नानांना, दोघांनाही. सावद्याच्या व्यापाऱ्याला नानांनी लिंबाच्या सावलीत बसवून पाणी पाजलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मी खाटेवर होतो तोवर नाना सकाळी आपल्या घोडीबरोबर माझं घोडंही पाण्यावर नेत. जुंपायला काही नाही, हात रिकामे शेतस, म्हणत. पोळ्याच्या सुमाराला आम्ही दोघं, म्हणजे मी आणि ती, चालायला लागलो. ती माझ्या आधी. पुढे दर सोमवारी नाना तिला घेऊन नालबंदाच्या दारात यायचे, तिचा आणा तिच्या नाकाला लावून डब्यात टाकायचे. मी पावती लिहायला बसलेला असे, पण तिचा पाय पोचणार नाही असा, खांबाच्या पलीकडे.