मागचा बाक नसलेली गाडी

आमच्या बाईआत्याला ‘नाही’ हा शब्द ऐकू यायचा नाही. कानांत काही दोष नव्हता. शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ती पेपर वाचता वाचता सांगायची. पण दुकानदार ‘नाही’ म्हणाला, डॉक्टर ‘नको’ म्हणाले, मी हात जोडून ‘बस कर गं बाई’ म्हणालो, की ती चष्म्यावरून एकदा बघायची आणि आपलंच पुढचं वाक्य बोलायची. छत्तीस वर्षं तिने सुरतेत उधन्याच्या मराठी शाळेत चौथीला गणित शिकवलं. सगळी वस्ती तिला बाई म्हणायची, म्हणून आम्ही घरचेही तिला बाईआत्या म्हणायला लागलो. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “दर जूनला साठ पोरं होत होती मला. आणखी कशाला?”

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, पोथी लावतात, गुडघ्यांना तेल चोळतात. आत्याने स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, बटण दाबलं की छप्पर मागे जाणारी परदेशी गाडी. साड्यांच्या एका व्यापाऱ्याने हौसेने आणली होती, हौस फिटल्यावर कव्हर घालून उभी करून ठेवली होती. त्याच्या मुलींची शिकवणी घ्यायला जाता-येता आत्याची तिच्यावर नजर गेली. गाडीचं वय तेव्हा पंधरा वर्षं आणि आत्याचं साठ. मी बँकेत काम करणारा माणूस. मी तिला कागदावर मांडून दाखवलं की एवढ्याच पैशात नवी, बंद छपराची, चार माणसांची, गॅरंटीची गाडी येते. तिने कागद तपासला, एका बेरजेखाली लाल रेघ मारली आणि म्हणाली, “आयुष्यभर मागच्या बाकावरच्या पोरांवर डोळा ठेवला. हिला मागचा बाकच नाही. मला हीच पाहिजे.”

पहिल्याच महिन्यात छप्पर अडकलं. भर दुपारी, सिग्नलला, अर्धं उघडं आणि अर्धं मिटलेलं. मोटर नुसती घरघर करायची. मी शेजारी बसलेलो. आत्याने पिशवीतून छत्री काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “धर. माझ्या डोक्यावर धर, स्वतःच्या नको.” अख्ख्या उधना दरवाजा चौकाने तो वरातीचा देखावा बघितला. एक रिक्षावाला तर हात जोडून “जय माताजी” म्हणाला. ऑफिसात दुसऱ्या दिवशी माझ्याआधी माझा फोटो पोचला होता.

मग एकेक सुरू झालं. गाडी जमिनीला इतकी टेकलेली की सुरतेतला प्रत्येक बम्प तिच्या पोटाला लागायचा. तेलाची टाकी दोनदा फुटली. ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं थांबली की काटा लालमध्ये, कारण रेडिएटर गळका. एक बोटभर प्लास्टिकची नळी, ती बाहेरून मागवायची, सात हजार रुपये! टायरचा आकार असा की अख्ख्या गावात कुणाकडे नाही. आणि हे काय कमी होतं म्हणून स्टिअरिंगमधली कुठलीशी तार घासून, डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायला लागला. दुसरा माणूस असता तर वैतागला असता. आत्या डावीकडे वळायचीच बंद झाली. “तीन उजव्या म्हणजे एक डावी,” ती म्हणायची. डुमसला समुद्रावर भजी खायला निघालो की आम्ही अर्ध्या सुरतेला प्रदक्षिणा घालून जायचो. पेट्रोल कोण मोजतंय!

बदललेला प्रत्येक जुना भाग ती मेस्तरीकडून हातात मागून घ्यायची. घरी आणून, धुऊन, काचेच्या कपाटात ठेवायची. तिथे एका बाजूला आदर्श शिक्षिकेची ढाल, दुसऱ्या बाजूला फुटका वॉटर पंप. पाहुण्यांना दोन्ही सारख्याच अभिमानाने दाखवायची. मी एकदा चिडून म्हटलं, “आत्या, हे भंगार आहे.” तर म्हणे, “चूक कुठे झाली ते बघायला जुनी वही लागते.” आता या बाईशी काय बोलणार?

गाडी सांभाळणारा होता भिकन मेस्तरी. डिंडोलीच्या रस्त्यावर पत्र्याचं गॅरेज. मूळ गाव धुळ्याकडचं, बाप उधन्याला कापडाच्या लूमवर. हा आत्याचा चौथीतला विद्यार्थी. गिऱ्हाइकांशी हिंदी, शेजाऱ्यांशी गुजराती, बायकोशी अहिराणी बोलणारा हा पन्नाशीचा दांडगा माणूस आत्या दिसली की ऑइलचे हात पाठीमागे घ्यायचा आणि पुस्तकातलं मराठी बोलायला लागायचा. “नमस्कार बाई. प्रयत्न करतो बाई.” आत्या स्टुलावर बसून तो काय खोलतो ते बघायची आणि मधेच म्हणायची, “हातचा विसरू नकोस भिकन.” इंजिनात हातचा कुठून आला? पण तो मान डोलवायचा.

मला हे कळायला चार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. भिकन आत्याचा विद्यार्थी. वायरिंगवाला आत्याचा विद्यार्थी. डेंटिंग-पेंटिंगवाला, जुने पार्ट शोधून आणणारा, गाडी ओढून नेणारा, सगळेच्या सगळे तिच्या हाताखालून गेलेले. आणि तिच्या वर्गाचा एकच कायदा होता: ‘येत नाही’ म्हणायचं नाही. “चुकव, पण फळ्याशी ये.” येत नाही म्हणणाऱ्याला ती मारायची नाही, ओरडायची नाही, खडू हातात द्यायची आणि जमेपर्यंत शाळा सुटल्यावरही शेजारी उभी राहायची. ते पोरांच्या हाडात इतकं मुरलं होतं की चाळीस वर्षांनीही त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून ‘बाई, ही गाडी आता होत नाही’ असं निघेना. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर भिकनने पहिल्याच वर्षी सांगितलं असतं, विकून टाक. बाईंना मात्र “प्रयत्न करतो”. मजुरी निम्मी घ्यायचा, कधी घ्यायचाच नाही, पण पार्टचे पैसे थोडेच सुटतात? चार वर्षं ही गुणी मंडळी आत्याच्या गाडीवर गणित चुकवत होती.

इथपर्यंत मी हसून सोडलं असतं. पण आत्याचा डावा गुडघा गेला होता. आतली गादी संपली, हाडावर हाड घासतंय, असं डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवलं. ऑपरेशन करा, नाहीतर वर्षभरात खुर्चीला खिळाल. आणि ही गाडी चालवत असाल तर आधी ती थांबवा, कारण क्लच डाव्या पायाने दाबायचा, आणि हा क्लच तर दगडासारखा जड. ऑपरेशनचे पैसे माझ्याच बँकेत, मीच केलेल्या ठेवीत होते. आत्याने घरी येऊन विचार केला आणि सिद्धता मांडली: गुडघा दुखतो कारण क्लच जड आहे. क्लच नवा घातला की हलका होईल. क्लच हलका झाला की गुडघा दुखणार नाही. म्हणून आधी क्लच.

दुसऱ्या दिवशी माझ्या शाखेत आली, टोकन घेतलं, रांगेत बसली आणि नंबर आल्यावर माझ्यासमोर ठेव मोडायचा फॉर्म ठेवला. “अगं आत्या, हा तुझा पाय आहे!” मी ओरडलोच. बाकीचे लोक बघायला लागले. ती म्हणाली, “सही कर. मागे लोक खोळंबलेत.” केली सही. काय करणार! अर्धी ठेव क्लचमध्ये गेली. क्लच हलका झाला, गुडघा नाही झाला. आत्या जिना बसून चढायला लागली, एकेक पायरी, हाताने पाय उचलून. मी पुढे झालो की “दिसतंय मला” म्हणायची. ते बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच.

आणि मग कामरेजच्या पुढे हायवेला गाडी तापून बंद पडली. भिकनने इंजिन उघडलं. पाणी तेलात गेलेलं, इंजिनाचं हेड वाकलेलं. खर्च ऐकला आणि मला समजलं, उरलेली ठेव बरोबर इथे जाणार. आत्या म्हणालीच, “आधी इंजिन, मग गुडघा. भिकन करेल.” भिकन म्हणाला, “प्रयत्न करतो बाई.”

संध्याकाळी मी एकटाच गॅरेजवर गेलो. म्हटलं, “भिकनभाऊ, तुझ्या पाया पडतो. तिला सांग, येत नाही म्हणून.” तो दचकला. “भाऊ, तुमले काय सांगू! दोन महिने लागतीन, पण व्हई जाई.” मी म्हटलं, “होईल रे, म्हणूनच सांगतोय. गाडी उभी राहील आणि बाई बसेल, कायमची.” त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “माझा बाप सांगायचा, हे पोरगं ढ आहे, लूमवर घाला. बाईंनी घरी येऊन बापाला सांगितलं, याला येतं. त्या एका शब्दावर मी आज उभा आहे भाऊ. आणि त्यांच्यासमोर जाऊन मी म्हणू, येत नाही?” मी नुसताच तिथे उभा राहिलो, निर्लज्जासारखा.

दोन दिवसांनी आत्या रिक्षाने गॅरेजवर गेली. मी बरोबर होतो. इंजिनाचे सुटे भाग जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडलेले. भिकन हात मागे घेऊन उभा राहिला. एरवी वर न बघणारा माणूस, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “बाई, मला हे येत नाही.”

एवढंच बोलला. गॅरेजमधला रेडिओ कुणीतरी बंद केला. मला वाटलं, आता ती खडू काढते. आत्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा खालच्या वर्तमानपत्राकडे. काठी टेकत दोन पावलं पुढे गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं. नाही येत तर नाही येत. जेवलास का?” आणि रिक्षात जाऊन बसली.

गाडी भंगारवाल्याने गॅरेजवरून उचलून आमच्या घरावरूनच नेली, पण आत्याने बघायला खिडकीत यायचं नाकारलं. महिन्याभरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी हॉस्पिटलात मी सफरचंद कापत बसलो होतो, तर डोळे मिटूनच म्हणाली, “त्याला येत होतं.”

“कुणाला?” मी साळसूदपणे.

“गप बस. प्रत्येक बोल्टवर खडूने नंबर घालून ओळीने मांडले होते त्याने. ज्याला परत जोडता येत नाही, तो असं मांडत नाही.” मी मान खाली घालून सफरचंद कापत राहिलो. ती पुढे म्हणाली, “छत्तीस वर्षं पोरांना फळ्याशी ओढत आणलं. एक पोरगं माझ्यासाठी आपणहून नापास झालं. त्याला काय परत फळ्याशी बोलावू? आणि त्याला सांगू नकोस मला कळलं म्हणून. बिचारा खजील होईल. डोकं तुझं होतं, तेही मला ठाऊक आहे. ते सफरचंद जाड कापतोयस.”

त्यानंतर आत्या अडीच वर्षं चालली. रोज सकाळी कालव्याच्या काठाने दोन किलोमीटर, माझ्यापेक्षा जोरात, आणि वाटेत दिसेल त्या पोराला पाढे विचारत. जिना उभ्याने चढायची आणि वर पोचून मला म्हणायची, “ये लवकर.” मागच्या वर्षी दोन दिवसांच्या तापाने गेली. मी अजून फोन उचलताना तिचंच नाव दिसेल असं धरून चालतो. इतकं डोकं खाणाऱ्या माणसाची इतकी आठवण येते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तेराव्याला भिकन आला. जेवला नाही. सगळे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “भाऊ, बाईंशी खोटं बोललो. अडीच वर्षं रोज ठरवायचो, आज जाऊन माफी मागतो. पाय उचललाच नाही. आता कुणाची मागू?” आणि तो भला थोरला माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

आत्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. मी पाळलंही होतं. पण हे बघवेना. म्हटलं, “अरे, तिला त्याच दिवशी कळलं होतं. तिथेच, गॅरेजमध्ये.”

भिकनचं रडणं थांबलं. त्याने बाहीने तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, “मग बाई रागावल्या होत्या का?”